सहाशे वीसचा रोल

ज्या दुपारी मी नवऱ्याला स्पूल फेकून मारला, त्याच दुपारी माझ्या हातून ती चूक झाली. फिल्म गुंडाळायचा तो स्पूल पत्र्याचा होता. तो त्याच्या भुवईवर लागला, रक्त आलं, आणि मी तशीच तणतणत डार्करूममध्ये शिरून आतून कडी घातली. पुढे एका बाईचं जे झालं त्याची सुरुवात तिथे आहे, म्हणून तिथूनच सांगते.

सोलापुरात आमचा लहानसा स्टुडिओ होता. फोटो नवरा काढायचा आणि अंधारातलं सगळं काम माझं. सासऱ्यांनी मला ते शिकवलं होतं. मी अक्कलकोटाकडची, घरात कन्नड बोलणारी पोर, लग्न होऊन आले तेव्हा कॅमेरा फक्त लांबून पाहिलेला. दोन वर्षांत मी डोळे मिटून रोल धुवायला लागले. सासऱ्यांचे हात कापायला लागले तसं त्यांनी डार्करूमची किल्ली माझ्याकडे दिली, मुलाकडे नाही. ते नवऱ्याला कायम सलत होतं.

त्या सत्तरच्या दशकात रोल फिल्मचे जुने नंबर आमच्या बाजारातून एकेक करून नाहीसे होत होते. घडीच्या मोठ्या कॅमेऱ्यांना लागणारा एकशे सोळा आधी गेला. मग छोट्या कॅमेऱ्यांचा एकशे सत्तावीस आमच्याकडे यायचा बंद झाला. कुणी काही जाहीर करायचं नाही. पुण्याचा व्यापारी नुसता मान हलवायचा, आणि इकडे लोक आपापले कॅमेरे घेऊन दारात उभे. कुणाला बदली होऊन गेलेल्या मिलच्या साहेबानं दिलेला, कुणी मिलिटरीतून आणलेला. कॅमेरा धडधाकट, पण त्याला खायलाच नाही. एकशे सत्तावीसवाल्यांना मी हात जोडून परत पाठवायची.

सहाशे वीसचं मात्र तसं नव्हतं. सहाशे वीसची फिल्म आणि सगळीकडे मिळणारी एकशे वीसची फिल्म एकच. फरक फक्त स्पूलचा. एकशे वीसचा स्पूल जाड, सहाशे वीसचा बारीक. म्हणून मी जाड स्पूलवरचा कोरा रोल अंधारात उलगडायची आणि बारीक स्पूलवर गुंडाळायची. एकदा गुंडाळून भागत नाही, कारण मग रोलचं शेवटचं टोक वर येतं. दुसऱ्या बारीक स्पूलवर परत गुंडाळलं की सुरुवातीचं टोक वर येतं, आणि मग तो रोल कॅमेऱ्यात घालण्याजोगा होतो. फिल्म मागच्या कागदाला एकाच टोकाशी चिकटवलेली असते, त्यामुळे तिथे फुगवटा येतो. तो बोटानं दाबत दाबत, पट्टी सोडवून पुन्हा चिकटवावी लागते. हे काम सोलापुरात दुसरं कुणी करत नव्हतं, आणि मला त्याची घमेंड होती.

बारीक स्पूलही मिळत नव्हते. म्हणून आमच्याकडे नियम होता, रोल हवा असेल तर रिकामा स्पूल घेऊन यायचा. लोक ते स्पूल जिवापाड जपायचे. एक आजी मसाल्याच्या डब्यातून आणायच्या. त्यांचा रोल उघडला की अंधारात लवंगेचा वास यायचा.

या कामात एक मेख होती. एकदाच गुंडाळलेला अर्धवट कोरा रोल आणि गिऱ्हाइकानं फोटो काढून आणलेला रोल, दोन्हींचं शेवटचं टोक वर असतं. अंधारात ते हाताला अगदी सारखे लागतात. म्हणून फोटो काढलेले रोल मी डावीकडे चिनी मातीच्या वाडग्यात ठेवायची आणि अर्धवट कोरे उजवीकडे फळीवर. इतक्या वर्षांत कधी चुकले नव्हते.

त्या दुपारी नवरा म्हणाला, "हे सहाशे वीसचं खूळ बंद कर आता. जुनी डबडी भंगारात घाला म्हनावं लोकास्नी." मी म्हटलं, "माझं काम हाय, मी बघीन." तर हसून म्हणाला, "काम कसलं त्यात. अंधारात बसून गुंडाळायचं, कुनीबी करंल."

ते हसू मला सहन झालं नाही. हातात स्पूल होता तो मी फेकला.

कडी घातली आणि कामाला लागले. डोक्यात एकच घोळत होतं, कुनीबी करंल, कुनीबी करंल. डाव्या हाताला एक रोल, उजव्याला एक. कुठला आधी उचलला, कुठला कुठे ठेवला, आजही सांगता येणार नाही. एक गुंडाळला, कागदी पट्टी लावून बंद केला. दुसरा औषधात बुडवला.

बुडवलेला रोल काचेसारखा स्वच्छ निघाला. तो नातेपुत्याकडच्या एका तरुण मास्तरांचा, असं मी धरलं. शाळेच्या कामाला सोलापुरात आले होते आणि मामाच्या कॅमेऱ्यानं त्यांनी आपल्या नव्या सायकलीबरोबर फोटो काढून घेतले होते. दुसऱ्या दिवशी ते मोठ्या हौसेनं आले. मी कोरी पट्टी समोर धरली.

"शटरच उघडलं न्हाय तुमचं."

"पण आवाज तर आला होता की हो, वैनी."

"आवाजाचा फोटो निघत नसतो, मास्तर."

बिचारे ओशाळे होऊन गेले. मला माझ्या बोलण्याची मजा वाटली. संध्याकाळी नवऱ्यालाही सांगितलं. त्याच्या भुवईवर चिकटपट्टी होती, तरी तो हसला.

त्याच आठवड्यात मी गुंडाळून ठेवलेला सहाशे वीसचा रोल एका पेंडवाल्यानं नेला. बाजाराकडे त्याचं सरकीपेंडीचं दुकान होतं. उंच, पांढऱ्याधोट कपड्यातला, आवाज अगदी मऊ. बायकोच्या माहेरी बारसं होतं, तिच्याबरोबर कॅमेरा पाठवायचा होता.

महिन्याभरानं तो एकटाच परत आला आणि त्यानं काऊंटरवर एक फोटो ठेवला.

"वैनी, ह्यो मानूस कोन हाय? सगळं गाव तुमच्याकडं फोटो काढतंय. तुमी वळखाल."

फोटोत त्याची बायको माहेरच्या दारात बसली होती, मांडीवर बहिणीचं तान्हं बाळ. मागे दाराचा काळोख. आणि त्या काळोखात, तिच्या अगदी शेजारी, एक तरुण हसत उभा होता. त्याचा पंजा तिच्या खांद्यावर होता. ते नातेपुत्याचे मास्तर होते.

मी फोटो उचलून जवळ धरला. तिच्या पदरावर बारीक रेघा दिसत होत्या, गोलात पसरलेल्या. सायकलीच्या चाकाचे आरे होते ते. मास्तरांचा हात सायकलीच्या काळ्या सीटवर होता. काळी सीट दाराच्या काळोखात बुडाली, पंजा तेवढा राहिला. डावीकडचा वाडगा, उजवीकडची फळी. मास्तरांचा काढलेला रोल मी कोरा समजून गुंडाळला होता, आणि ह्या माणसाला विकला होता. कोरा होता तो धुतला, आणि वर मास्तरांनाच बोल लावला. एकाच फिल्मवर दोन वेळा, दोन ठिकाणचे फोटो निघाले होते.

पेंडवाला सांगत होता. फोटो मेव्हण्यानं काढला, तो स्वतः बारशाला गेलाच नव्हता. पुढे मालासाठी कुर्डुवाडीला गेला तेव्हा तिथल्या एका स्टुडिओत त्यानं रोल धुवायला टाकला. तिथला माणूस म्हणाला, बाकीचे सगळे खराब झालेत, एवढा एकच नीट आलाय. बाकीचे त्यानं टाकून दिले.

"मेव्हना म्हनतोय, असा मानूस तितं नव्हताच. ती बी तेच म्हनती. दोगं मिळून मला येडं समजत्यात."

त्याच्या उजव्या हाताच्या बोटांची साल गेलेली होती. पेरांवर रक्त सुकलं होतं. ते मी पाहिलं. ते कशानं झालं हे मला विचारावं लागलं नाही.

आणि मी म्हणाले, "न्हाय बा. मी न्हाय वळखत."

का म्हणाले, याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. धंद्याची अब्रू होती. काढलेला रोल कोरा म्हणून विकला हे कळलं तर दुकानात कोण येणार. त्या मऊ आवाजाची भीतीही होती. पण खरी गोष्ट वेगळीच होती. माझा राग घरातल्यांपुरता होता. जो माणूस उलटून मारणार नाही त्याच्याच अंगावर मी धावत होते. समोर खरा मारणारा उभा राहिला तशी मी खोटं बोलून मोकळी झाले. हे त्या दिवशी मला कळलं, आणि मला माझी किळस आली.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "गप ऱ्हा. मास्तराला काय सांगितलंय आपन? आता उलटं बोललीस तर उद्या कुलूप लागंल." एका शब्दासाठी त्याचं रक्त काढणारी मी, गरीब गायीसारखी मान डोलावून गप्प बसले. नऊ दिवस गप्प बसले. त्या नऊ दिवसांत मी दोन बशा फोडल्या, कामवालीवर ओरडले, पण बाजाराकडच्या रस्त्याला गेले नाही.

दहाव्या दिवशी भर दुपारी दार धाडकन उघडलं आणि पेंडवाल्यानं बायकोला वेणीला धरून आत ढकललं. ती बाकावर आपटली. तोंडाची डावी बाजू सुजून डोळा मिटला होता. डाव्या कानात कापूस होता आणि त्यातून पिवळट पाणी मानेवर आलं होतं. मनगटाला चिंधी गुंडाळलेली, हातात एकही बांगडी शिल्लक नव्हती. तिला मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होते. फोटोतली बाई हीच, हे ओळखायला मला वेळ लागला.

त्यानं कॅमेरा काऊंटरवर आदळला.

"हिला इचारा, वैनी. बाईमानूस बाईला सांगती. नाव सांग म्हनलं तर सांगंना झालीय. आज नाव कळलं न्हाय तर हिला हिरीत घालनार हाय. मंग हिच्या भावाला."

हे सगळं त्याच मऊ आवाजात. नवरा माझ्यामागे येऊन उभा राहिला. ती बाई माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "अक्का, नंग गोत्तिल्ल री."

मला माहीत नाही, एवढंच ती म्हणाली होती. पण माझ्या माहेरच्या बोलीत म्हणाली होती. ती माझ्याच मुलखातली होती, आणि तिला माहीत नव्हतं ते मला माहीत होतं.

"मला ठावं हाय त्यो मानूस," मी म्हटलं.

नवऱ्यानं माझ्या पायावर पाय दाबला. मी पाय काढून घेतला.

"पन त्याला ही ठावं न्हाय, आन् हिला त्यो ठावं न्हाय. दोगांची गाठ घालून दिली ती मी. हितं, ह्या खोलीत." मग मी सगळं सांगितलं. वाडगा, फळी, दोन रोल, सायकल. पदरावरचे आरे दाखवले. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "लई ग्वाड गोष्ट रचलीत. बायका बायकास्नी सामीलच असत्यात." आणि त्यानं पुन्हा तिच्या वेणीला हात घातला.

"थांबा," मी म्हटलं. "तासभर थांबा. तुमच्याच कॅमेऱ्यात दावते. पटलं न्हाय तर त्या मानसाचं नाव, गाव, समदं सांगते."

मास्तरांचा जीव मी पणाला लावला होता. तो तयार झाला.

मी गुंडाळलेला एक कोरा रोल त्याच्या कॅमेऱ्यात घातला, कॅमेरा तिपाईवर बसवला. स्टुडिओत मागे काळा पडदा होता. पडद्यापुढे खुर्ची ठेवली, तिच्या पाठीवर हात ठेवून त्याला उभं केलं, दिवे लावले. "हसा जरा," म्हटलं. तो हसला नाही. मी बटण दाबलं. मग त्याला बाहेर बाकावर बसवलं, रोल पुढे सरकवलाच नाही, आणि स्वतः जाऊन त्या खुर्चीत बसले. नवऱ्याला म्हटलं, "दाबा." त्यानं बटण दाबलं. मी चांगली दात काढून हसले होते.

रोल मी धुवायला घेतला. या वेळी वाडगा आणि फळी दोन्ही आधी रिकामी केली. भिंतीपलीकडे ते दोघं बसले होते. मी फक्त कान देऊन होते, मारल्याचा आवाज येतो का ते ऐकत. ओल्याच निगेटिव्हवरून मी फोटो छापला आणि तो ठिबकता तसाच बाहेर आणून त्याच्या हातात दिला.

फोटोत तो रुबाबात उभा होता. त्याचा पंजा माझ्या खांद्यावर होता आणि मी त्याच्या शेजारी खुशीत हसत बसले होते. नीट पाहिलं तर माझ्या पोलक्यातून खुर्चीच्या पट्ट्या दिसत होत्या, आऱ्यांसारख्याच.

"आता सांगा," मी म्हटलं, "मी तुमची कोन लागते? ह्यो फोटो बाजारात फिरवला तर माझ्या नवऱ्यानं माझा कान फोडायचा का तुमचं डोस्कं?"

नवरा फोटो बघून लालबुंद झाला होता. पेंडवाल्यानं फोटो तिरका धरला, सरळ धरला, मागची बाजू पाहिली. खिशातला जुना फोटो काढून शेजारी ठेवला. मग त्यानं सुस्कारा सोडला. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. सुटल्यासारखं वाटलं होतं त्याला.

"म्हंजे हे खरं न्हाय तर," तो म्हणाला, आणि बायकोकडे वळला. "चल घरला. गैरसमज झाला."

ती उठली नाही. पहिल्यांदाच तिनं मान वर केली.

"आन् खरं असतं तर?"

मी चमकले. इतका खटाटोप करून मी त्याला हेच पटवलं होतं, की ही निर्दोष आहे. म्हणजे दोष असता तर त्याचं मारणं बरोबर ठरलं असतं, हे मीही मान्य करून बसले होते. तिनं ते एका वाक्यात उघडं पाडलं.

"काय म्हनलीस?" त्याचा आवाज आता मऊ नव्हता. त्याचा हात वर गेला.

या खेपेला मी वाट पाहिली नाही. शेजारी लाकडी तिपाई उभी होती. तिचे पाय धरून मी ती त्याच्या हातावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज झाला. तो ओरडून खाली बसला, आणि मी दुसऱ्यांदा उचलली तेव्हा नवऱ्यानं मला कमरेला धरलं. "पुरे," तो म्हणाला, "मरंल त्यो." मग त्यानं पेंडवाल्याला दंडाला धरून उठवलं आणि रस्त्यावर नेऊन सोडलं. त्या दिवशी त्यानं एवढं केलं, ते मी विसरले नाही.

त्याची बायको आमच्याकडेच राहिली. तिसऱ्या दिवशी तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला. जाताना तिनं तो दुसरा फोटो मागितला, तिच्या नवऱ्याचा आणि माझा. कशाला म्हणून मी विचारलं नाही. माझ्या नवऱ्याला ते आवडलं नाही. मास्तरांना मी एक कोरा रोल टपालानं पाठवून दिला. चूक माझी होती असं लिहिलं. त्यांच्या फोटोचं काय झालं ते मात्र लिहिलं नाही.

सहा महिन्यांनी पेंडवाला तिला न्यायला गेला. चारचौघांना घेऊन गेला होता, पाया पडला म्हणे. ती आली, पण एक अट घालून.

ती अट मी पाहिली ती संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. तिनं मला मुद्दाम बोलावणं धाडलं होतं. बाहेरच्या खोलीत, पेंडवाल्याच्या गादीच्या अगदी समोर, आम्हा दोघांचा तो फोटो चौकटीत लावला होता. येणारा जाणारा विचारायचा, ही बाई कोण? आणि दर वेळी त्याला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागायचं, फोटोत दिसतं ते खरं नसतं. बायकोनं मला हसून सांगितलं, त्याचा हात वर झाला की ती नुसती भिंतीकडे बघते. हात खाली येतो. दर वेळी येतो का, ते मी विचारलं नाही.

तिनं मला कुंकू लावलं, वाण दिलं. मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. म्हटलं, "मी त्या दिवशीच बोलायला हवं होतं. नऊ दिवस गप बसले. मला माफ कर."

ती वाणाचं तबक आवरत राहिली. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करते आहे. मी पुन्हा तेच म्हणाले, जरा मोठ्यानं. तेव्हा ती वळली आणि तिनं माझा हात धरून मला आपल्या उजवीकडे बसवलं.

"ह्या बाजूनं बोला, अक्का," ती म्हणाली. "तो कान त्या नऊ दिवसांत गेला."